लस घेतली, तरी लागण का? हिपॅटायटिस बीच्या बदलत्या पृष्ठभागाची पार्श्वभूमी

दक्षिण इटलीत हिपॅटायटिस बीची लागण असलेल्या आईच्या बाळाला लस दिली होती, जोडीला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही. बाळाच्या अंगात प्रतिपिंडे तयार झाली आणि तरीही लागण झालीच. १९९० साली संशोधक कारमन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कारण मांडले: विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनात १४५व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन आले होते.

हे प्रथिन म्हणजेच एचबीएसएजी, अमेरिकी संशोधक ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात सापडलेले 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. १९८१ची रक्तद्रवापासून केलेली लस आणि १९८६ची यीस्टमध्ये बनवलेली लस, दोन्ही त्यावरच उभ्या. त्यातल्या १२४ ते १४७ या जागांच्या पट्ट्याला 'ए' डिटर्मिनंट म्हणतात. लशीमुळे तयार होणारी बहुतेक प्रतिपिंडे इथेच चिकटतात आणि तपासणी किटमधलीही. त्यामुळे या पट्ट्यातला एकच बदल लस आणि निदान दोन्हींना चकवू शकतो.

असे बदल होतात, कारण या विषाणूचे एन्झाइम नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करत नाही. शिवाय पृष्ठभागाचे जनुक आणि त्या एन्झाइमचे जनुक एकमेकांवर चढलेले आहेत. त्यामुळे एन्झाइममध्ये लॅमिव्हुडिन या विषाणूविरोधी औषधाला दाद न देणारा बदल झाला, की पृष्ठभागही थोडा बदलू शकतो.

मग लस कुचकामी ठरली का? मुळीच नाही. तैवानने १९८४मध्ये नवजातांचे लसीकरण सुरू केले. तिथे विषाणूचा डीएनए सापडलेल्या मुलांत 'ए' पट्ट्यातले बदल १९८४मध्ये ७.८ टक्के होते, १९९४मध्ये २८.१ टक्के. हा आकडा एकटा वाचला तर धडकी भरते. पण त्याच दहा वर्षांत तैपेईतल्या मुलांमध्ये एचबीएसएजी सापडण्याचे, म्हणजे लागणीचे प्रमाण ९.८ वरून १.३ टक्क्यावर आले. बाधित मुलेच इतकी कमी झाली की त्यांच्यात बदललेल्या विषाणूचा वाटा मोठा दिसू लागला. जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळणारा पहिला डोस या बदलांच्या भीतीने चुकवणे घातकच.

मला खरी काळजी वाटते ती निदानाची. एकाच जातीच्या प्रतिपिंडावर बेतलेली जुनी किट १४५चा बदल हुकवत. नव्या किटमध्ये अनेक प्रतिपिंडे वापरतात, तरी प्रत्येक बदल पकडला जाईलच असे नाही. म्हणून एचबीएसएजी 'निगेटिव्ह' असूनही यकृताची एन्झाइम्स विनाकारण वाढलेली असतील, तर अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची, लागण होऊन गेल्याचे सांगणारी प्रतिपिंडे) आणि एचबीव्ही डीएनए, म्हणजे या विषाणूचा डीएनए, तपासायला हवे. केमोथेरपीपूर्वी अँटी-एचबीसी तपासायला तर विसरूच नये, कारण प्रतिकारशक्ती दबली की यकृतात दडून राहिलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.