मेदघट

मेदघट : शरीरात साठलेला मेद (चरबी) आहार व व्यायाम यांच्या साहाय्याने कमी करणे. व्यवहारात याला ‘वजन उतरवणे’ म्हणतात. पण वजन आणि मेद एक नव्हेत. वजनात स्नायू, हाडे, पाणी, आतड्यांतील अन्न हे सारे येते. यकृत व स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा साठवलेला प्रकार) साठलेले असते आणि त्याच्या दर ग्रॅममागे सु. ३ ग्रॅ. पाणी असते. आहार एकदम तोडला की हा साठा आधी रिता होतो आणि पहिल्या आठवड्यातच काटा झपाट्याने खाली येतो. ही घट मुख्यतः पाण्याची असल्याने नेहमीचे जेवण सुरू होताच भरून निघते.

मेदपेशींत मेद ट्रायग्लिसराइडाच्या (ग्लिसरॉल व तीन मेदाम्ले यांच्या संयुगाच्या) रूपात असतो. रक्तातील इन्शुलिन उतरले व ॲड्रिनॅलिनासारखी हॉर्मोने वाढली, की त्याचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायूंत जळतात. मेद घामावाटे ‘वितळून’ जातो ही समजूत निराधार आहे. मेअरमन व ब्राउन या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार १० किग्रॅ. मेद पूर्ण जळाल्यास त्यातील ८.४ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपात श्वासावाटे आणि १.६ किग्रॅ. पाण्याच्या रूपात बाहेर पडतो. अर्थात नुसते जोरजोराने श्वास घेऊन मेद घटत नाही. आधी तो जळावा लागतो.

किती ऊर्जा कमी केली म्हणजे किती मेद जातो, याविषयी मतभेद आहेत. १ किग्रॅ. वजनामागे सु. ७,७०० किलोकॅलरी (१ पौंडामागे ३,५००) हा आकडा आजही सर्रास दिला जातो. त्याचे श्रेय अमेरिकन वैद्य मॅक्स विश्नॉफ्स्की यांच्या १९५८ मधील लेखाला देतात. मात्र मेदोतकात (मेद साठवणाऱ्या पेशीसमूहात) सु. ८७ टक्के मेद असतो हे जुने पृथक्करण आणि आधीची रुग्णनिरीक्षणे यांच्याच आधारे त्यांनी तो काढला होता; त्यामुळे त्यांना जनकापेक्षा संकलक म्हणणे अधिक योग्य वाटते. मेदोतकातील ऊर्जेचे माप म्हणून हा आकडा ढोबळमानाने बरोबर आहे. अडचण येते ती त्यावरून भविष्य वर्तवताना. रोज १०० किलोकॅलरी कमी घेतल्यास या नियमाने वर्षाला सु. ४.७ आणि दहा वर्षांत ४७ किग्रॅ. वजन उतरायला हवे, जे घडत नाही. शरीर हलके झाले की त्याचा ऊर्जाव्ययही घटतो आणि कालांतराने आवक व खर्च पुन्हा जुळतात. हे गृहीत धरून संशोधक केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गतिमान प्रतिमान (काळानुसार बदलणाऱ्या ऊर्जाव्ययाचा गणिती हिशोब) मांडले. त्यानुसार तेवढ्याच कपातीने अखेर सु. ४ किग्रॅ. घट होते, त्यातील निम्मी पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत. प्रत्यक्ष निरीक्षणांशी हे अधिक जुळते.

व्यायामाच्या वाट्याबाबतही एकमत नाही. व्यायामात खर्चलेली ऊर्जा एकूण व्ययात सरळ मिळवावी, असे पूर्वी मानत. शरीर ती अंशतः इतरत्र काटकसर करून भरून काढते, असे मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्सर यांचे मत आहे (२०१६). भरपाई किती होते यावर वाद असला, तरी आहार न बदलता केवळ व्यायामाने होणारी घट माफकच असते, याबाबत फारसे दुमत नाही. व्यायामाचे महत्त्व निराळे आहे : भारव्यायामाने (वजने उचलण्यासारख्या व्यायामाने) स्नायू टिकतात, त्यामुळे घटीत मेदाचा वाटा वाढतो. पोटाचे व्यायाम करून पोटावरचाच मेद जातो, या कल्पनेला पुरेसा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबलवर्धक व्यायाम सुचवला आहे.

आहारात मेद कमी करावा की कर्बोदके, हा वाद जुना आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६०९ प्रौढांच्या वर्षभराच्या चाचणीत अल्पमेद गटाची सरासरी घट ५.३, तर अल्पकर्बोदक गटाची ६.० किग्रॅ. होती, हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. अन्नावरील प्रक्रियेचा परिणाम मात्र ठळक दिसतो. २० जणांच्या एका नियंत्रित प्रयोगात (२०१९) अतिप्रक्रियित अन्न मिळत असताना लोकांनी रोज सु. ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या.

उतारवयात वजन घटवताना स्नायूंबरोबर अस्थींची घनताही घटू शकते. अशा वेळी आहारनियंत्रणाला भारव्यायाम व पुरेशा प्रथिनांची जोड देतात.