व्हीआयए चाचणी

व्हीआयए म्हणजे ‘व्हिज्युअल इन्स्पेक्शन विथ ॲसिटिक ॲसिड’: गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून तिथे कर्करोगाच्या आधीचे बदल सुरू झाले आहेत का, हे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल बाई टेबलावरून उतरायच्या आत कळतो. गावात समजावून सांगताना ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ एवढे म्हटले की पुरते.

ही तपासणी उपयोगी पडते ती या कर्करोगाच्या संथपणामुळे. त्याच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) असतो. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि पेशी बदलू लागतात. तिथून कर्करोग व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षे जातात. इतकी सवड देणारा आजार, आणि तरी २०२० च्या जागतिक अंदाजात भारतातल्या नव्या रुग्णांचा आकडा १,२३,९०७ आणि मृत्यूंचा ७७,३४८ आहे.

तपासणीची तयारी साधी असते. ५ मिलि ॲसिटिक आम्ल ९५ मिलि पाण्यात मिसळून त्या दिवसापुरते द्रावण करतात. योनीत स्पेक्युलम (ती उघडी धरणारे साधन) घालून, चांगल्या उजेडात गर्भाशयमुख नीट दिसेल असे धरतात. साचलेला स्राव कापसाने टिपून घेतात आणि द्रावणात भिजवलेला बोळा तिथे लावतात. मग घड्याळ लावून एक मिनिट थांबायचे. सिस्टरने ‘ताई, पाय सैल सोडा, थोडं चुणचुणेल’ असे आधीच सांगितलेले असेल तर हा मिनिट सोपा जातो. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बदललेल्या पेशींत प्रथिने दाट असतात. दुधात लिंबू पिळल्यावर ते जसे फाटते तशी ती आम्लाने तात्पुरती गोठतात आणि तिथे ठळक कडांचा, दाट पांढरा डाग उठतो. डाग तोंडाच्या आतल्या-बाहेरच्या अस्तराच्या सीमेला चिकटून असेल तरच तो धरायचा. दूरवरचे पुसट पांढरेपण सोडून द्यायचे असते. नवख्या नजरेची चूक बहुतेक इथेच होते.

डाग म्हणजे कर्करोग नव्हे, हे बाईला त्याच बैठकीत सांगायला हवे. डाग पूर्ण दिसत असेल, आत नळीत गेलेला नसेल आणि फार पसरलेला नसेल, तर सुमारे १०० अंशांपर्यंत तापवलेली सळई २० ते ३० सेकंद टेकवून तो जागच्या जागी जाळता येतो. नाहीतर विजेच्या तारेच्या फासाने तेवढा भाग काढून तपासायला पाठवतात.

या चाचणीमागचा पुरावा मोठ्या प्रमाणात आपल्याच बायकांनी दिलेला आहे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी व्हीआयए करीत. बारा वर्षांनंतर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र लक्षणीय घट दिसली नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर व्हीआयए एकदा करून सोडून द्यायची तपासणी नाही, ती ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा व्हायला हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची तपासणीच केली नव्हती, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती.

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी ती कधीतरी करून घेतली होती. सांगली जिल्ह्याला दवाखान्यांची वाण नाही. मिरजेत १८९४ साली वानलेस रुग्णालय सुरू झाले, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. पण वाळवा-पलूसच्या उसात भांगलणीला जाणारी बाई दुखत नसताना हजेरी बुडवून तपासायला जात नाही. ‘अंगावरून जातंय’ हे ती नवऱ्यालाही सांगत नाही. सांगितलेच तर आशाताईला. म्हणून तपासणी गावातल्या उपकेंद्रात, कामाचा दिवस न मोडता झाली तरच ती होते.

दिवाळीनंतर या पट्ट्यात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतल्या बायकांचा प्रश्न वेगळा आणि जास्त दुःखाचा आहे. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. कर्करोगाची शंका असेल तर आधी तपासणी व्हावी. कोवळ्या वयात पिशवी काढणे हा त्या शंकेवरचा उपाय नव्हे.

एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून तिची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि कमी अंतराने व्हावी लागते. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करते आहे, त्यामुळे इथल्या वाचकाला हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

व्हीआयएच्या मर्यादा खऱ्या आहेत. निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. पाळी गेल्यावर अस्तराची सीमा आत सरकते आणि डाग दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पसंती दिली आहे. तिच्यासाठी नमुना स्त्रीला स्वतःचा स्वतःही घेता येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची लस आली असली, तरी आज चाळिशीत असलेल्या बाईसाठी तपासणीच महत्त्वाची.

ही सगळी तपासणी निरोगी स्त्रीसाठी आहे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर व्हीआयएत वेळ न घालवता स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे आणि संशयित जागेचा तुकडा तपासायला पाठवावा. उशीर महाग पडतो. टाटा मेमोरियलच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८५० रुग्णांच्या अभ्यासात, कर्करोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत किंवा मूत्रनलिकेपर्यंत पोचल्यावर, नुसता शेक (किरणोपचार) मिळालेल्यांपैकी ४६ टक्के आणि शेकाबरोबर सिसप्लाटिन हे कर्करोगावरचे औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या.