तोंडाच्या कर्करोगातली ‘चौथी स्टेज’ कुठून आली

सोलापुरात तोंडाच्या कर्करोगाचा रिपोर्ट आला की नातेवाईक पहिल्यांदा स्टेज विचारतात. ‘चौथी’ हा शब्द कानावर पडला की कित्येक घरांत उपचाराचं बोलणंच थांबतं. मुंबईला जायचं की नाही, यावर भावाभावांत कुजबुज सुरू होते. या शब्दानं आपल्याकडे जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं खुद्द आजाराच्या भीतीनंही केलं नसेल.

आपल्या भागातल्या सवयी मावा, तंबाखू-चुना आणि बायकांची मिश्री या. त्यामुळे गाठ बहुतेकदा गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या बेचक्यात होते, म्हणजे चिमूट दाबून ठेवतात तिथेच. तिथून जबड्याचं हाड अगदी लागून. हाडाचा वरचा टणक थर फोडून गाठ आत गेली की ती टी ४ए होते (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी) आणि मानेत एकही गाठ नसली तरी स्टेज चौथीच लिहिली जाते. (दाताच्या खोबणीत हाड नुसतं वरवर झिजलं असेल तर ते यात धरत नाहीत.) फुप्फुसात पसरलेला आजारही चौथीच. पहिला ४ए, दुसरा ४सी. घरी पोचतो तो फक्त चार.

गाठ, मानेतल्या ग्रंथी आणि दूरचा पसार यांची वेगवेगळी नोंद करण्याची पद्धत १९४०च्या दशकात एका फ्रेंच सर्जननं मांडायला सुरुवात केली. मानेच्या ग्रंथी सरसकट काढण्याचं ऑपरेशन त्याहून जुनं, १९०६ सालचं, अमेरिकेतलं.

खरा घोळ २००२चा. स्टेज ठरवण्याच्या तक्त्याच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत टी ४चे दोन भाग झाले आणि त्यांना ‘काढता येण्याजोगा’ व ‘काढता न येण्याजोगा’ अशी नावं दिली गेली. चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात आजार शिरला की तो टी ४बी, म्हणजे न काढता येणारा. आजार किती पसरला हे सांगणाऱ्या तक्त्यानं ऑपरेशन करायचं की नाही हेही ठरवून टाकलं. २०१०च्या आवृत्तीत हे शब्द गेले, ‘मध्यम वाढलेला’ आणि ‘अतिशय वाढलेला’ असे आले. पण तोवर आठ वर्षं गेली होती आणि जुना अर्थ दवाखान्यांत मुरला होता.

तैवान आणि भारतातल्या सर्जनांनी दरम्यान वेगळाच मुद्दा पुढे आणला. जबड्याच्या हाडाला वरच्या बाजूला एक खाच असते. आजार तिच्या खालीच थांबला असेल, तर स्नायूंचा तो कप्पा एकसंध काढता येतो आणि निकाल टी ४एच्या जवळपास येतात. खाचेच्या वर, कवटीच्या तळाकडे सरकलेला आजार मात्र वेगळा. माझ्या मते आपल्यासारख्या भागासाठी अलीकडच्या काळातलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, कारण असे रुग्ण इथेच जास्त दिसतात. त्यात सुपारीमुळे आधीच तोंड आखडलेलं असतं. दोन बोटंही शिरत नाहीत, म्हणून ‘स्नायू गेले’ असा अंदाज बांधला जायचा. आखडणं सुपारीचं की गाठीचं, हे सीटी किंवा एमआरआयशिवाय सांगता येत नाही.

काढलेली जागा पुढे भरून काढायची कशानं, ही अडचण १९७९ नंतर कमी झाली. छातीचा स्नायू कातडीसकट वर फिरवून गाल भरता येऊ लागला. १९८९ पासून पायातल्या फिब्युला या हाडाचा जबडा होऊ लागला.

लवकरच्या आजारात मान आधीच साफ करायची, म्हणजे तिथल्या ग्रंथी काढायच्या, की मानेत गाठ दिसेपर्यंत थांबायचं, हा वादही मुंबईतच सुटला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

२०१८ पासून लागू झालेल्या आवृत्तीत गाठीची खोली मिलिमीटरमध्ये आली, ग्रंथीचं कवच फोडून बाहेर पडलेला आजार वेगळा मोजला जाऊ लागला. जबड्याची खाच मात्र त्यात आली नाही. चावण्याच्या स्नायूंचा सगळा कप्पा टी ४बीमध्येच राहिला. त्यामुळे आजार खाचेखाली असला, सर्जन ऑपरेशनला तयार असला, तरी सोलापूरच्या माणसाच्या फाइलवर ४बीच लिहिलेलं असतं.