गुलाम आणि गिरमिटिया: फरक पगारात शोधू नका

मॉरिशस किंवा सुरिनामचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्या लोकांना गुलाम म्हणून नेलं." लगेच दुसरा दुरुस्ती करतो, "गुलाम कसले? पगार होता की त्यांना!" पहिलं विधान चूक आहे. दुसरं खरं असूनही निरुपयोगी आहे.

गिरमिट, म्हणजे करारावरची ('ॲग्रीमेंट'ची) मजुरी, मराठी वाचकाला ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. अरकाट्याच्या (मजूर भरती करणाऱ्या दलालाच्या) थापा, करारावर अंगठा, बहुधा पाच वर्षं उसाच्या मळ्यावर. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. तिथे एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. यातून 'गुलामगिरीची नवी पद्धत' उभी राहील, अशी धास्ती 1840 मध्ये खुद्द ब्रिटिश मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी बोलून दाखवली होती. गिरमिट बंद करावं म्हणून गोखल्यांनी 1912 मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला, तो फेटाळला गेला.

हालांची मापं काढूनही फरक हाती लागत नाही. अटलांटिकच्या व्यापारात साधारण सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांवर चढवली गेली, एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. म्हणजे शंभरातली चौदा वाटेतच गेली. 1856-57 च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियन बेटांकडे निघालेल्या गिरमिटियांपैकी शंभरात सतरा मेले. तेव्हा 'कोणाचे हाल जास्त' ही स्पर्धा सोडून द्यावी. (सगळे गुलाम अमेरिकेत गेले, हाही असाच एक गैरसमज. एकट्या ब्राझीलमध्ये 48 लाखांच्या घरात उतरवले. आजच्या अमेरिकेत थेट आलेले चार लाखांहून कमी.)

जहाजाच्या पोटात डोकावलं तर फरकाचा पहिला धागा सापडतो. 'ब्रूक्स' या गुलाम नेणाऱ्या ब्रिटिश जहाजाचा 1788 चा नकाशा प्रसिद्ध आहे: पुरुषाला सहा फूट लांब, 16 इंच रुंद जागा. हातभरही नाही. पुरुष दोघादोघांच्या बेडीत, त्यामुळे शौचाच्या बादलीपर्यंत जायचं तर दोघांनी मिळून, बाकीच्यांच्या अंगावरून. रक्ताच्या हगवणीने सर्वाधिक बळी घेतले, ते यामुळेच. जहाजावर किती माणसं कोंबायची यावर मर्यादा घालणाऱ्या नव्या कायद्याने या जहाजाला 454 माणसांची परवानगी होती, तीही घटवलेली. त्याआधी याच जहाजाने सहाशेच्या वर नेली होती.

आता 'झाँग' बघा. 1781 मध्ये गुलाम नेणाऱ्या या जहाजावरच्या खलाशांनी सव्वाशेहून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली. कारण दिलं पाणी कमी पडल्याचं. जमैकाला पोचताना 420 गॅलन पाणी शिल्लक होतं. गुलाम आजाराने मेला तर तोटा मालकाचा, पण जहाज वाचवायला 'माल' टाकावा लागला तर भरपाई विमावाल्याची, माणशी 30 पौंड. कोर्टात गेलं ते विम्याचं प्रकरण, खुनाचा खटला कुणावरच झाला नाही. कायद्याच्या नजरेत हे घोडे फेकण्यासारखंच आहे, असं न्यायाधीश मॅन्सफील्ड यांनी म्हटलं. गिरमिटियाचा असा विमा उतरवता येत नव्हता. उलट तिथे जहाजावरच्या डॉक्टरला जिवंत उतरलेल्या डोक्यांवर पैसे मिळत.

खरी मेख मात्र पुढच्या पिढीत आहे. गिरमिट कितीही क्रूर असलं तरी त्याला मुदत होती, आणि ते पोरांना लागत नव्हतं. मॉरिशसात गिरमिटिया बाईच्या पोटी आलेलं मूल करारात बांधलेलं नसे. गुलामगिरीत उलट. व्हर्जिनियात, अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीत, 1662 साली कायदा झाला: मुलाची स्थिती आईप्रमाणे. इंग्रजी रिवाजात ती बापाकडून ठरायची. इथे मुद्दाम फिरवली. मालकाने गुलाम बाईवर बळजबरी केली तरी होणारं मूल त्याचीच मालमत्ता, वारसाहक्काने देता येणारी, कर्जाला तारण ठेवता येणारी. म्हणून 1808 मध्ये अमेरिकेने बाहेरून गुलाम आणायला बंदी घातली तरी 1860 च्या जनगणनेत साडेएकोणचाळीस लाख गुलाम निघाले. साखरेच्या बेटांवर जन्मापेक्षा मृत्यू जास्त, तिथे नवी जहाजं लागत.

1807 आणि 1833 एक समजणाऱ्यांसाठी: ब्रिटनने आधी, 1807 मध्ये, गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामगिरी नंतर, 1833 च्या कायद्याने. दुसऱ्या वेळी दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना.

हा फरक कागदांवरही दिसतो. गिरमिटियाच्या पासावर नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, अंगावरची खूण असे. मॉरिशसचा मराठी माणूस मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदींवरून पणजोबांच्या गावापर्यंत पोचू शकतो. अमेरिकेच्या 1850 आणि 1860 च्या गुलाम-याद्यांत वर मालकाचं नाव, खाली नुसतं वय, लिंग, रंग. बहुतेकांचं नाव जनगणनेत पहिल्यांदा दिसतं ते 1870 मध्ये. त्यामागे जायचं तर आधी मालक शोधावा लागतो: त्याचं मृत्युपत्र, त्याची गहाणखतं, त्याच्या इस्टेटीची यादी, जिच्यात माणसं आणि गुरं एकाच कागदावर किमतीसह लिहिलेली असतात.