कुंडीतल्या निवडुंगाची रात्रपाळी

फेब्रुवारीत लातूरच्या एका रोपवाटिकेतून मुठीएवढा निवडुंग आणला. शंभराची नोट दिली, दहा रुपये परत आले. कुंडीत एक रंगीत पाटी खोचलेली होती: ‘रात्रीही ऑक्सिजन देणारे रोप. बेडरूमसाठी उत्तम.’ घरी आल्यावर आईने पाटी वाचलीच नाही, तिला काटे दिसले. “हे काटेरी ध्यान घरात कशाला आणायलास? काट्याच्या झाडानं घरात भांडणं लागतात.” म्हणजे विकणाऱ्याच्या मते झाड उशाशी हवं आणि आईच्या मते उंबऱ्याच्या आत नको. दोघांतलं आईचं म्हणणं मी निमूट ऐकून घेतलं. निदान तिने ते विज्ञानाच्या नावाखाली खपवलं तरी नव्हतं.

काट्यांमुळे भांडणं होत नाहीत, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. भांडणं आमच्याकडे निवडुंग येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. पण ती पाटी मात्र अर्धी खरी आहे, आणि अर्धं खरं खोडून काढायला जास्त वेळ लागतो. त्यातली खरी अर्धी बाजू इतकी सुंदर आहे की तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

झाडाच्या पानांवर (निवडुंगाच्या बाबतीत हिरव्या खोडावर) सूक्ष्म छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार उघडलं की आतली वाफही बाहेर जाते, हा त्यातला तोटा. सोयाबीन, तूर, कापूस दिवसा रंध्रं उघडतात, कारण ऊन तेव्हाच असतं. आता एप्रिलातली लातूरची दुपार डोळ्यांसमोर आणा. 40 अंश तापमानाची एक घनमीटर हवा 51 ग्रॅमपर्यंत बाष्प धरू शकते. पहाटेच्या 24 अंशांना तीच हवा 22 ग्रॅमवर तृप्त होते. दुपारची हवा म्हणजे तहानलेला पाहुणा, दार उघडलं की हंडा रिकामा करून जाणार. दुपारी दोरीवर टाकलेली चादर तासाभरात खडखडीत वाळते आणि रात्री टाकलेली सकाळी दमटच असते, त्याचंही कारण तेच.

निवडुंग दिवसभर दार लावून बसतो आणि अंधार पडल्यावर उघडतो. हिशेब असा: एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी सोयाबीनसारखं पीक साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी हवेत घालवतं. ज्वारी त्यापेक्षा काटकसरी, 250 ते 300 ग्रॅम. निवडुंग 50 ते 100 ग्रॅममध्ये भागवतो. 2016च्या एप्रिलात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे राहणाऱ्या माणसाला हे आकडे नुसते वाचून पुढे जाता येत नाहीत.

पण रात्री ऊन नसतं, मग आत घेतलेल्या वायूचं करायचं काय? इथे थोडं रसायनशास्त्र येणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी थेट खाली कुंडी भरायच्या मुरमापाशी उतरावं, मी रागावणार नाही.

रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड पेशीतल्या पाण्यात विरघळून बायकार्बोनेट होतो. पीईपी कार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) हे बायकार्बोनेट पकडतं आणि फॉस्फोइनॉलपायरुव्हेट या तीन कार्बनच्या रेणूला जोडतं. त्यातून चार कार्बनचं ऑक्झॅलोअॅसिटेट बनतं आणि लगोलग त्याचं मॅलेट होतं. हे मॅलेट पेशीच्या मधोमध असलेल्या मोठ्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, मॅलिक आम्लाच्या रूपात साठत जातं. सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. तीन कार्बनचा तो रेणू कुठून आला? दिवसा तयार केलेला स्टार्च मोडून. म्हणजे निवडुंग रात्री घरातलं धान्य काढून आम्लाची रास भरतो. सकाळी रंध्रं बंद होतात, मॅलेट रिक्तिकेबाहेर येतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटतो आणि दारं बंद असल्याने आत कोंडतो. मग सूर्यप्रकाशाच्या जोरावर रुबिस्को हे दुसरं विकर त्याची साखर करायला घेतं. रुबिस्कोला एक जुनी खोड आहे, ते कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनलाही पकडतं आणि केलेली मेहनत वाया घालवतं. आत कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी झाली की ही चूकही कमी होते. आणि रात्रीचं विकर दिवसा पुन्हा तोच वायू पकडून गोंधळ घालत नाही, कारण त्याच्यावर झाडाच्या अंतर्गत घड्याळाचा पहारा असतो. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत देखणा भाग आहे.

आंबटपणावरून हरभऱ्याची आंब आठवली असेल. आपल्याकडे हरभऱ्यावर रात्री स्वच्छ फडकं अंथरतात आणि पहाटे दवासकट पिळून आंब काढतात. तिच्यातही मॅलिक आम्ल असतं, पण ती हरभऱ्याच्या बारीक लवेतून बाहेर पाझरते. निवडुंगाचा माल घरातच राहतो आणि दुपारपर्यंत संपतो.

हा आंबटपणा सर्वांत आधी जिभेने टिपला गेला, तोही भारतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं की पानफुटीची पानं सकाळी चुक्याइतकी आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी कडसर. त्याआधी 1804 मध्ये द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने फड्या निवडुंग रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे नोंदवलं होतं. पानफुटी ज्या कुळातली, त्या क्रॅसुलेसी कुळावरूनच या सगळ्या रात्रपाळीला नाव मिळालं: क्रॅसुलेसियन अॅसिड मेटाबोलिझम. कोरफड, घायपात, अननस आणि आता आपल्याकडे खांबांवर चढलेलं ड्रॅगनफ्रूट, सगळे याच पाळीत कामाला.

मी पानफुटीचं पान चावलं नाही, तुम्हीही चावू नका. मुतखड्यावरचं औषध म्हणून खाणारे पुष्कळ असले, तरी तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. मी शेजारच्या कुंडीतली दोन पानं घेतली. एक सकाळी सहाला चेचलं, दुसरं दुपारी चारला, आणि दोन्हींचा रस पीएच कागदावर लावला (पीएचचा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त). सकाळचा ठिपका नारिंगी झाला, पीएच चारच्या आसपास. दुपारचा पिवळट, पीएच साडेपाचच्या घरात. दहा तासांत आम्ल कुठे गेलं ते कागदानेच सांगितलं.

आता त्या पाटीकडे या. ऑक्सिजन निघतो तो पाण्याचा रेणू फुटताना, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. रात्री निवडुंग वायू आत घेतो खरा, पण ऑक्सिजन तयार करत नाही. उलट तुमच्याआमच्यासारखाच श्वसनासाठी तो वापरतो. दिवसा बनलेला आणि अंगात कोंडलेला थोडाफार संध्याकाळी बाहेर येत असेल, पण तो दिवसाचाच माल. स्वस्थ झोपलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. मुठीएवढ्या झाडाने त्याची काळजी वाहावी ही अपेक्षाच गमतीची आहे. संगणकाशेजारी निवडुंग ठेवला की तो ‘रेडिएशन शोषतो’ ही आणखी एक थाप. संगणकाशेजारी ठेवलेला निवडुंग फक्त उजेडाविना लांबुळका आणि फिकट होतो.

तर मुरूम.

रोपवाटिकेतलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये असतं. ते ओलं असलं की ओलंच राहतं, आणि एकदा ठणठणीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं. म्हणून रोप आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून मग कुंडी बदलावी. मी दुमडलेल्या वर्तमानपत्राची पट्टी झाडाभोवती गुंडाळून ते उचललं. माझा मॅमिलेरिया आहे, त्याचे काटे दिसतात तरी. फड्याच्या जातीचं छोटं रोप असेल तर जास्त जपा, त्याचे कुसळांसारखे बारीक काटे बोटात मोडून राहतात आणि दिसतही नाहीत. चिकटपट्टी लावून ओढले की बरेचसे निघतात.

आणि काळी माती वापरायची नाही. हे वाक्य मराठवाड्यात लिहायला जीव धजत नाही, पण वापरायची नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पातळ थर पापडांच्या चळतीसारखे एकावर एक, आणि पाणी थेट थरांच्या मध्ये शिरतं. म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला आणि हरभऱ्याला ही साठवण वरदान आहे, कुंडीतल्या निवडुंगाला ती घुसमट. मुळांनाही हवा लागते. ओल्या चिकणमातीत ती मिळत नाही, मुळं मरतात आणि बुरशीला दार उघडं होतं. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि एके दिवशी बोट लावलं की बुडाशी मऊ लागतं. माझा आधीचा निवडुंग असाच गेला. त्याला मी रोज चहाच्या कपाने पाणी घालत होतो, प्रेमाने.

बरडावरचा मुरूम चाळून ज्वारीच्या दाण्याएवढा निवडला आणि धुतला. दोन वाट्या मुरूम, एक वाटी भरड वाळू, एक वाटी जुनं, भुसभुशीत झालेलं शेणखत. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली, आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीत जिथे मुळं पोचत नाहीत तिथली ओल कोणी पीत नाही. बुडाला खड्यांचा थर मात्र घालू नका, सगळे सांगत असले तरी. ओला स्पंज आडवा धरा, थेंब पडायचे थांबले की उभा धरा, आणखी पाणी गळेल. बारीक कणांच्या थराला तळाशी थोडं पाणी धरून ठेवायची सवयच असते. खाली खडे घातले की ते पाणी नाहीसं होत नाही, मुळांच्या आणखी जवळ, वर येऊन बसतं.

लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी नाही. काढताना मुळं तुटलेली असतात, त्या जखमा आधी वाळू द्यायच्या. नंतर द्यायचं ते भोकातून वाहेपर्यंत, आणि पुन्हा पूर्ण सुकेपर्यंत काहीच नाही. वार ठरवून घालण्यात अर्थ नाही. मी काट्याचं झाड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो: कोरडी कुंडी 310 ग्रॅम, पाणी दिल्यावर 395. पुन्हा 310च्या जवळ आली की संध्याकाळी पाणी. फेब्रुवारीत याला सोळा दिवस लागले, एप्रिलात सात.

मे महिन्यात एक गंमत होते. रात्रीही हवा तापलेली राहिली आणि मुळाशी ओल नसली की निवडुंग रात्रीची दारंही लावून घेतो. आत श्वसनातून निघालेलाच कार्बन डायऑक्साइड फिरवून फिरवून वापरतो. जिवंत राहतो, वाढत नाही. तेव्हा खत घालून त्याला जागं करायचा उद्योग करू नये.

ऊन हवं, पण सावलीत वाढलेलं रोप एकदम गच्चीवर नेलं तर त्याची कातडी भाजून पांढरी पडते आणि तो डाग जात नाही. सकाळचं ऊन आधी तासभर, मग हळूहळू वाढवत.

आमच्याकडे ही जागा आईने शोधली. ‘घरात नको’ म्हणून तिने कुंडी उचलून पूर्वेच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. तिथे दहापर्यंत ऊन असतं आणि वर छज्जा असल्याने मृगाचा पाऊस थेट लागणार नाही. मी काही बोललो नाही. परवा बघितलं तर पाटी उलटी करून तिने तिच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ३१०.