वीस किलोमीटर दूर नेलेला धूर

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात शिसाका नावाची चिमुकली बेटं आहेत. तिथे वस्ती नव्हती, शेती नव्हती, प्यायला गोडं पाणीही नव्हतं. असल्या ओसाड जागेला कोण विचारणार? पण १८९५ मध्ये सुमितोमो या जपानी उद्योगघराण्याने ती विकत घेतली, आणि ती ओसाड होती म्हणूनच घेतली.

समोरच्या शिकोकू बेटावर सुमितोमोची बेश्शी ही तांब्याची खाण १६९१ पासून चालू होती. खनिज वितळवणाऱ्या भट्ट्या नीइहामाच्या किनाऱ्यावर होत्या. त्यांच्या धुराने पिकं करपू लागली आणि १८९३ मध्ये शेतकरी भट्टीवर चालून गेले. खाणीचा कारभार पुढे इबा तेइगो यांच्याकडे आला. त्यांनी ठरवलं, की अख्खा कारखानाच किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटर आत, समुद्रात न्यायचा. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. त्या काळी नुकसानभरपाई तोंडावर फेकून मोकळं होणं कितीतरी स्वस्त पडलं असतं.

चॅल्कोपायराइट या तांब्याच्या मुख्य खनिजात तांब्याइतकाच गंधक असतो. ते शुद्ध असेल, तर वजनाने तांबं, लोखंड आणि गंधक यांचा वाटा जवळपास एक-एक तृतीयांश. बेश्शीच्या दगडात तर लोह-गंधकाचं पायराइटच जास्त, त्यामुळे तांबं थोडं आणि गंधक भरमसाट. हा गंधक जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि एक टन गंधकाचा दोन टन सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू पर्णरंध्रांतून पानात शिरतो, आतल्या ओलाव्यात विरघळून आम्लधर्मी होतो आणि पेशी मारतो. शिरांच्या मधला भाग आधी पांढुरका पडतो, मग वाळतो. भात फुलोऱ्यात असताना हे झालं, तर दाणाच भरत नाही.

१९०५ मध्ये बेटावरच्या भट्ट्या पेटल्या. कामगार आले, त्यांची कुटुंबं आली, शाळा निघाली. पिण्याचं पाणी नीइहामाहून बोटीने यायचं. आणि धूर? तो शिकोकूवर परत आला, तोही पूर्वीपेक्षा जास्त गावांवर पसरून.

असं का व्हावं? समुद्राचा पृष्ठभाग सपाट असतो. हवा घुसळायला तिथे डोंगर नाहीत, झाडं नाहीत, तापलेली जमीनही नाही. वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी हवेपेक्षा थंड असलं, की वरखाली मिसळण जवळजवळ थांबते आणि धुराचा पट्टा न विरता लांबवर जातो. दिवसा खारे वारे त्याला जमिनीकडे ढकलतात. किनारा ओलांडला, की तापलेल्या जमिनीवरची खळबळ तो धूर खाली शेतात ओढून आणते. पर्णरंध्रंही दिवसाच उघडी असतात. थोडक्यात, नेमक्या वाईट वेळी, नेमक्या वाईट जागी.

१९१० मध्ये शेतकऱ्यांशी करार झाला. भरपाई तर ठरलीच, शिवाय पिकांच्या नाजूक काळात ४० दिवस उत्पादन कमी आणि त्यातले १० दिवस भट्ट्या पूर्ण बंद. कारखान्याने आपलं वेळापत्रक भाताच्या फुलोऱ्यावर बेतायचं, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

पुढची युक्ती मात्र फसली. एका मोठ्या धुराड्याऐवजी सहा बुटकी धुराडी उभारली आणि धुरात पंख्याने ताजी हवा मिसळून तो पातळ करून सोडला. कागदावर हिशेब बिनचूक वाटतो. पण धूर वर जातो तो गरम असतो म्हणून. थंड हवा मिसळताच त्याचा जोरच गेला आणि तो खालच्या खाली रेंगाळला. त्याच सुमारास जपानमधल्याच हिताची या दुसऱ्या तांब्याच्या खाणीने १५५.७ मीटर उंचीचं धुराडं उभारून नेमकं उलट केलं होतं. गरम धूर, जमेल तितक्या उंचावर.

उत्तर शेवटी रसायनशास्त्रात सापडलं. गंधक उडवून लावण्यापेक्षा पकडायचा. १९२९ मध्ये शिसाकावर पीटरसन पद्धतीचे मनोरे आले. त्यांत नायट्रोजनची ऑक्साइडं मध्यस्थी करतात आणि सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक आम्ल होतं. वायू विरळ असला, तरी ही पद्धत चालते. उरलासुरला वायू अमोनियाच्या द्रावणात शोषून घेणारा विभाग १९३९ मध्ये पुरा झाला आणि तक्रारींचं मूळच संपलं. १८९३ पासून मोजलं, तर ४६ वर्षं लागली.

यातली गंमत अशी, की नीइहामात सुमितोमोने १९१३ मध्येच खताचा कारखाना काढला होता. बेश्शीच्या गंधकाचं आम्ल करायचं आणि त्यापासून सुपर फॉस्फेट. ज्या गंधकाने शेतं करपली, तोच पोत्यात भरून शेतकऱ्याला विकायचा! आजची सुमितोमो केमिकल ही त्याच कारखान्यातून वाढलेली कंपनी.

बेश्शीची खाण १९७३ मध्ये बंद झाली आणि १९७६ मध्ये शिसाकावर तांबं गाळणंही थांबलं. वस्ती हळूहळू उठली. बेट मात्र रिकामं पडलं नाही. पोलादाच्या विद्युत भट्ट्यांमधून निघणाऱ्या धुळीत जस्त असतं, ते काढण्याचं काम नंतर तिथे सुरू झालं.