एसीएमच्या परिषदेत शोधनिबंध स्वीकारला गेल्यानंतर: पात्रता, शुल्क आणि कागदपत्रे

शोधनिबंध स्वीकारल्याचा ईमेल आला की विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक सुटकेचा नि:श्वास टाकतात. खरे तर निबंध छापून येईपर्यंतच्या कामातला सर्वांत किचकट भाग त्यानंतरच सुरू होतो. असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी, म्हणजेच एसीएम, ही 1947 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली संगणकतज्ज्ञांची संस्था दरवर्षी शेकडो परिषदांची इतिवृत्ते आणि अनेक नियतकालिके प्रकाशित करते. तिच्या भारतीय शाखेचे कार्यालय पुण्यात असून शालेय स्तरावर संगणकीय विचारपद्धती शिकवण्याचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम हीच शाखा चालवते. येथे मात्र प्रकाशनाची प्रक्रिया पाहू, कारण महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सर्वाधिक घोळ तिथे होतो.

पात्रतेपासून सुरुवात करू. निबंध पाठवण्यासाठी एसीएमचे सदस्य असणे आवश्यक नाही, पदवी किंवा पद यांचीही अट नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि निवृत्त प्राध्यापक यांना एकच नियम लागू होतो. मात्र तोच निबंध त्याच वेळी दुसऱ्या परिषदेकडे किंवा नियतकालिकाकडे पाठवलेला चालत नाही. लेखक म्हणून ज्यांचे नाव असेल त्या प्रत्येकाने कामात खरा वाटा उचललेला असला पाहिजे. विभागप्रमुखांचे नाव शिष्टाचार म्हणून घालण्याची आपल्याकडची सवय या नियमात बसत नाही. मजकूर लिहिण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर त्याचा उल्लेख निबंधातच करावा लागतो आणि अशा साधनाला लेखक म्हणून दाखवता येत नाही. माणसांवर प्रयोग किंवा सर्वेक्षण केले असेल, तर आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हाताशी ठेवावी.

नाव, ऑर्किड क्रमांक आणि संस्था

‘कागदपत्रे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधार, पॅन आणि साक्षांकित प्रती येतात. इथे त्यांपैकी काहीही लागत नाही. लागतो तो प्रत्येक लेखकाचा ऑर्किड क्रमांक. सोळा अंकी, चार-चार अंकांच्या गटांत लिहिलेला हा क्रमांक संशोधकाची कायमची ओळख असतो आणि ऑर्किडच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य मिळतो. शेवटच्या जागी कधी कधी अंकाऐवजी इंग्रजी ‘एक्स’ असतो, ती टंकलेखनाची चूक समजू नये. हा क्रमांक ज्याचा त्यानेच काढावा. घाईघाईत मार्गदर्शकांनी चार विद्यार्थ्यांची खाती आपल्याच ईमेलवर उघडली, तर पुढे ती विद्यार्थ्यांच्या हाती राहत नाहीत. खाते उघडताना महाविद्यालयाच्या पत्त्याबरोबर खासगी पत्ताही नोंदवावा, कारण पदवी मिळाल्यावर महाविद्यालयाचा ईमेल बंद होतो आणि नेमका त्याच सुमारास निबंध छापून येतो.

नावाच्या बाबतीत मराठी लेखकांनी विशेष जपावे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावे एका निबंधात, दुसऱ्यात फक्त आद्याक्षरे, तिसऱ्यात लग्नानंतरचे आडनाव आणि चौथ्यात रोमन स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त असे झाले की एकाच व्यक्तीची चार खाती दिसू लागतात. पहिल्याच निबंधाच्या वेळी एक रूप ठरवून टाकावे. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘सौ.’ ही बिरुदे नावाच्या जागी लिहू नयेत.

संस्थेचे नावही तितकेच महत्त्वाचे आहे. संलग्न महाविद्यालयातील अनेकजण महाविद्यालयाऐवजी विद्यापीठाचे नाव देतात, तर काहीजण आजही 2014 पूर्वीचे ‘पुणे विद्यापीठ’ हेच नाव लिहितात. काम जिथे झाले त्या संस्थेचे सध्याचे अधिकृत नाव लिहावे. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. त्याचा पैशाशी थेट संबंध आहे.

शुल्क कोणाला, किती

1 जानेवारी 2026 पासून एसीएमची सर्व नवी प्रकाशने वाचकांसाठी खुली झाली आहेत, म्हणजे छपाईचा खर्च वाचकाकडून न घेता लेखकाच्या बाजूने घेतला जातो. एसीएमबरोबर ‘एसीएम ओपन’ हा करार केलेल्या संस्थेतील करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे निबंधाबाबतचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक असेल, तर वेगळे शुल्क भरावे लागत नाही. करार नसल्यास परिषदेच्या निबंधासाठी 2026 या वर्षापुरता सवलतीचा दर सदस्यांना 250 डॉलर आणि इतरांना 350 डॉलर असा ठेवलेला आहे. अल्प उत्पन्न गटातील देशांसाठी माफी आणि सवलतीची वेगळी यादी असते. निबंध पाठवण्याच्या दिवशी ती संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

येथे ग्रंथपालांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेमुळे शासकीय संस्थांना 2025 पासून अनेक प्रकाशकांचे साहित्य वाचायला मिळते आणि त्यांत एसीएमही आहे. पण वाचायला मिळते म्हणून छापण्याचे शुल्कही माफ होईल असे गृहीत धरू नये. करस्पाँडिंग ऑथर कोण असावा हे निबंध पाठवतानाच ठरवावे आणि त्याने संस्थेचा ईमेलच द्यावा, कारण करार असलेली संस्था ओळखण्यासाठी त्याचाही उपयोग होतो. जीमेलचा पत्ता दिलेल्या लेखकाला आपण पात्र आहोत हे नंतर पत्रव्यवहार करून पटवून देण्याची वेळ येऊ शकते.

हक्कांचा फॉर्म आणि अंतिम प्रत

स्वीकृतीनंतर काही दिवसांत करस्पाँडिंग ऑथरच्या ईमेलवर हक्कांच्या फॉर्मचा दुवा येतो. तो स्पॅममध्ये जातो, ही नेहमीची रड आहे. तेव्हा तो फोल्डर रोज पाहावा. या फॉर्मवर सही-शिक्का नसतो, तो ऑनलाइनच भरायचा असतो. लेखाचे शीर्षक आणि लेखकांची नावे व क्रम अचूक आहेत ना हे आधी तपासावे, कारण पुढे ती बदलणे सोपे नसते. मग क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडायचा असतो: श्रेय देऊन कोणालाही कसाही वापर करू देणारा, किंवा व्यावसायिक वापर आणि फेरफार यांना मनाई करणारा. दुसऱ्याची आकृती घेतली असेल तर तिची परवानगी घेतली आहे का, हेही इथेच विचारले जाते. फॉर्म भरून झाला की हक्कांचा मजकूर आणि निबंधाचा डीओआय (निबंधाची कायमची ऑनलाइन ओळख दाखवणारा) क्रमांक असलेल्या काही ओळी मिळतात. त्या लेटेक या दस्तऐवज मांडणीच्या प्रणालीत लिहिलेल्या निबंधाच्या फाइलमध्ये जशाच्या तशा चिकटवायच्या असतात.

निबंध एसीएमच्या ‘एसीएमआर्ट’ या साच्यातच तयार करावा लागतो. सोबत एसीएमच्या 2012 च्या विषय-वर्गीकरणातील विषय संकेतस्थळावरून निवडावे लागतात आणि प्रत्येक आकृतीसाठी दृष्टिहीन वाचकांकरिता शब्दांत वर्णन द्यावे लागते. ‘आलेख 3’ एवढे लिहून हे काम होत नाही; आलेखात कोणती रेघ वर जाते आणि कोणती खाली येते, हे त्या वर्णनात आले पाहिजे. शेवटी पीडीएफ आणि मूळ फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवून झिप करावी आणि ईमेलमध्ये दिलेले नावच तिला देऊन ‘टॅप्स’ या एसीएमच्या प्रकाशन-प्रणालीवर चढवावी. नाव चुकले तर फाइल परत येते. एसीएमच्या मान्यताप्राप्त यादीबाहेरचे लेटेक पॅकेज (जादा सुविधा देणारी जोडणी) वापरले असेल तरीही तेच होते. तयार झालेली पीडीएफ आणि वेबआवृत्ती या दोन्ही लेखकाने पाहून मंजूर केल्याशिवाय निबंध पुढे सरकत नाही, त्यामुळे तक्ते आणि गणिती चिन्हे नीट उमटली आहेत का हे वेबआवृत्तीतही बारकाईने पाहावे.

प्रकाशनानंतर सापडलेली चूक निबंधात गुपचूप दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र शुद्धिपत्र लागते. लेखकाचे नाव बदलले असेल तर मात्र एसीएमच्या धोरणानुसार विनंती करून जुन्या निबंधांतही नवे नाव घालता येते.